सरकारच्या पाहुण्याची गादी

आमच्या घराण्यात बी.ए. झालेला मी पहिला. हे मी लपवत नाही. गाजावाजाही करत नाही, पण कुणी विचारलं तर आवाज खाली करून सांगत नाही, एवढंच. वडील पिंजारी होते. तिसगावच्या आसपासच्या गावांत ज्यांच्या घरी म्हणून गादी होती, ती बहुतेक त्यांच्याच हातची. त्यांना अक्षर ओळखता येत नव्हतं, पण रुई नुसती मुठीत धरून ती कुठल्या रानातली ते सांगायचे, आणि चुकलं तर स्वतःच हसायचे.

पुढे मी सरकारच्या प्रसिद्धी खात्यात लागलो. आपल्या देशाची ओळख बाहेरच्या देशांना कशी करून द्यायची, कुठले कलावंत पाठवायचे, कुठं प्रदर्शन भरवायचं, परदेशी पाहुण्यांना काय दाखवायचं आणि काय झाकायचं, याच्या बैठका मी पुष्कळ ऐकल्या. त्या खात्याला मी नावं ठेवणार नाही. त्यानं मला पोसलं, आणि तिथली बरीच माणसं मनापासून काम करणारी होती. पण त्या कामाचा पहिला धडा मला आमच्या अंगणात मिळाला, तो असा.

स्वातंत्र्य मिळून दोन-अडीच वर्षं झाली असतील. मी पुण्याला कॉलेजात होतो, वसतिगृहात राहत होतो. आपलं सरकार नवीन, हौस मोठी. आशिया-आफ्रिकेतल्या मुलांना शिष्यवृत्त्या देऊन इकडे शिकायला आणायचं असं ठरलं होतं. त्यातला एक आमच्या खोलीत आला. पूर्व आफ्रिकेतला, ताडमाड उंच, बोलायला हळू. त्याचं नाव मी इथं सांगत नाही. आमच्या गावानं त्याला 'पाव्हना' म्हटलं, तेच पुरे.

नाताळच्या सुट्टीआधी मुंबईहून एक अधिकारी वसतिगृहात आले. त्यांनी आम्हाला भोजनगृहात बसवलं आणि जे सांगितलं ते मला अजून आठवतं.

"ही मुलं उद्या आपापल्या देशात मोठी होतील. तेव्हा हिंदुस्थान म्हटल्यावर त्यांना काय आठवेल, ते आज ठरतंय. आपल्याजवळ तोफा नाहीत. तिजोरीही भरलेली नाही. आपल्याजवळ घरं आहेत. त्यांना घरी न्या."

इतकं चांगलं बोलले, आणि मग स्वतःच त्यावर पाणी ओतलं. म्हणाले, किल्ले दाखवा, लेणी दाखवा, गाणंबजावणं ऐकवा, भलत्या विषयांवर बोलू नका, आणि घर जरा नीटनेटकं असलेल्यांनीच हात वर करा.

पोरं एकमेकांकडे बघायला लागली. घरं नीटनेटकी पुष्कळांची होती. पण आईच्या सोवळ्यात हा जेवणार कुठं, हा प्रश्न प्रत्येकाच्या तोंडावर दिसत होता. मी हात वर केला.

"वडील काय करतात?" साहेबांनी विचारलं.

"पिंजारी आहेत."

साहेबांनी मला एकदा खालपासून वरपर्यंत पाहिलं. मग म्हणाले, "उत्तम. गादीची तरी सोय आहे."

सगळे हसले. मीही हसलो. आमच्या घरात एकही गादी नाही, हे मी त्यांना सांगितलं नाही.

नव्हती ती गरिबीमुळे खरी, पण निव्वळ गरिबीमुळे नव्हे. वडिलांचा एक कायदा होता. ज्याची रुई, त्याला ती सगळी परत. पिंजताना कापूस उडतो, भिंतीला चिकटतो, भुवयांना चिकटतो. दुसरे पिंजारी तो झाडून जमवतात, त्यात वाईट काही नाही, धंद्याची रीतच आहे. वडील मात्र भिंत झाडून, अंगणाचा कोपरा झाडून जे निघेल ते त्याच गादीत घालायचे. मग आमच्याकडे उरणार काय? आम्ही घोंगडीवर निजायचो, आणि घोंगडी चांगली उबदार असते.

पाहुण्याच्या आधी मी गावी पोहोचलो. वडील लिंबाखाली बसून पिंजत होते. पिंजणाच्या धनुष्यावर ताणलेल्या तातीचा टँव-टँव आवाज वेशीपासूनच ऐकू येत होता. रुई पाटलांची होती. त्यांच्या लेकीचं लग्न निघालं होतं, आणि आपल्या कापसावर नजर ठेवायला पाटील स्वतः बाजेवर बसले होते. नजर ठेवायची गरज नव्हती हे त्यांनाही माहीत होतं. त्यांना गप्पा हव्या होत्या. मी तिथंच सगळं सांगून टाकलं.

पाटील उठून उभे राहिले. "सरकारनं पाठवलाय? आपल्या गावात?"

"व्हय."

"मग माज्या माडीवर उतरंल. खुर्ची हाय, कपबशा हायेत, पलंग हाय. चाचा, तू काई मनाला लावून घिऊ नको. ह्यो सवाल गावाच्या अब्रूचा हाय."

वडिलांनी तात वाजवायची थांबवली. "पाटील, पोरानं बोलावलाय. पोराच्या घरी उतरंल."

"आरं, पर निजंल कशावर? तुज्या त्या घोंगडीवर? तिकडं जाऊन सांगंल, हिंदुस्थानात मानसाला ढेकनं खात्यात म्हनून."

"गादीवर निजंल."

पाटलांना हसू आवरेना. "कुनाच्या? माज्या पोरीच्या?" मग शेजारची म्हातारी माळीण ओट्यावर बसली होती तिच्याकडे बघून म्हणाले, "म्हातारे, तू साक्षीला हायेस. पाव्हना यायच्या आत चाचाच्या घरात गादी पडली, तर पाव्हना त्याचा. न्हाई पडली, तर माडीवर."

"साक्षीला मी हायेच," म्हातारी म्हणाली. "पर पाटील, तुमच्या पलंगाची नवार आदी आवळून घ्या. मागं थोरला जावई निजला तर भुईला टेकला हुता."

पाटील गेल्यावर अम्मा बाहेर आली. "पढ़ के आया, और घर में आग लगाया," ती मला म्हणाली. वडील पुन्हा पिंजायला बसले. संध्याकाळी बकऱ्या बांधताना ते मला म्हणाले ते मात्र मी विसरलो नाही.

"सरकारनं आपल्याला पाव्हना दिलाय. एवढी मोठी मोठी घरं सोडून. तुला कळतंय का काय दिलंय?"

मला तेव्हा कळलं. त्याच्या आदल्या वर्षी सरहद्दीपलीकडच्या निजामाच्या मुलखात धुमश्चक्री झाली होती, आणि सरहद्द आमच्यापासून बैलगाडीच्या वाटेवर. आम्ही मुसलमान, पण गावानं आम्हाला त्रास दिला नाही, हे आधी सांगतो. कुणी वाकडा शब्द बोललं नाही. पण त्या दिवसांत वडील पारावर गेले की चाललेलं बोलणं क्षणभर थांबायचं. मग कुणीतरी "या चाचा, बसा" म्हणून सरकायचं. ते थांबणं वडिलांना कळायचं, आणि ते जागा असली तरी उभेच राहायचे. आता देशाचा पाहुणा आमच्या दारात येणार होता. तो पाटलांच्या माडीवर गेला असता, तर त्याला काही फरक पडला नसता. वडिलांना पडला असता.

पण रुई आणायची कुठून? मागायची नाही, हाही त्यांचा कायदाच.

दुसऱ्या दिवशी सकाळी म्हातारी माळीण आली. लुगड्याच्या ओच्यात कापूस होता. तिनं तो वडिलांच्या पुढ्यात टाकला. "माज्या उशीतला हाय. तूच भरली हुतीस. म्हातारीला आता उशी कशाला, मान काय मोडायची ऱ्हायली हाय?"

"म्हातारे, न्यायाधीश तू, आन् कापूस तूच देतीस?"

"साक्षीदार हाय, न्यायाधीश न्हाई. पिंज गपगुमान."

तिनं आधीच चार घरी सांगितलं असणार. दुपारपर्यंत बाया यायला लागल्या. कुणी सुपात, कुणी टोपलीत, कुणी पदरात. धनगरांकडून आला, तेलणीकडून आला, आमच्या मशिदीजवळच्या दोन घरांतून आला. ख्रिस्ती वस्तीतल्या शिकवणाऱ्या बाई स्वच्छ फडक्यात बांधून घेऊन आल्या. दिवस कलताना पाटलीणबाईंनी गड्याच्या डोक्यावर भलीमोठी पाटी पाठवली, वर निरोप, "आमच्या मालकाला सांगू नका." निरोप गड्यानं इतक्या मोठ्यानं सांगितला की पाटलांना माडीवर ऐकू गेला असावा.

वडिलांचे डोळे भरून आले असतील तर मला दिसलं नाही, कारण त्यांच्या भुवया-पापण्या रुईनं पांढऱ्या झाल्या होत्या. ते नुसतं पिंजत राहिले. अम्मानं तिची दोन जुनी लुगडी उसवून खोळ शिवली, एक बाजू हिरवी, एक तांबडी. कापड तेव्हा सहजी मिळत नव्हतं.

मी नगरला पाहुण्याला आणायला निघालो तेव्हा भरणं सुरू होतं. मी म्हणालो, "बाबा, झाली की आता. बास."

"आन् हे?" त्यांनी कोपऱ्यातला ढीग दाखवला.

"राहू द्या."

"कुनाचं राहू दिऊ? तेलणीचं? बाईंचं? ज्याचं उरंल त्याचं तोंड एवढंसं हुईल. समद्यांचं घातलं पायजे."

मी निघून गेलो. शिकलेल्या माणसालाही तेव्हा पुढचं दिसलं नाही.

पाहुणा पुण्याहून नव्या सरकारी एस.टी. मोटारीनं नगरला आला. तिथून दुसऱ्या मोटारीनं तिसगाव, आणि पुढे बैलगाडी. गाडीत त्याची नजर बैलांवरून हटत नव्हती. शिंगं अशी का, वशिंड एवढंच का, दिवसाला किती चालतात. मी इतिहासाचा विद्यार्थी. मी त्याला किल्ल्याविषयी सांगायला लागलो, तर तो म्हणाला, "ते पुस्तकात वाचीन. या डावीकडच्या बैलाचा पाय दुखतोय का?" गाडीवान म्हणाला, "काय म्हनतो?" मी सांगितलं. गाडीवानानं उतरून पाय बघितला, तर खुरात खडा. तिथून पुढे गाडीवान माझ्याशी बोललाच नाही. माझ्या मध्यस्थीनं का होईना, सगळं पाहुण्याशीच.

दिवेलागणीच्या जरा आधी आम्ही दारात पोहोचलो. अंगणात गर्दी. मला वाटलं स्वागताला आलेत. तसं नव्हतं. आमच्या दारात गादी अडकली होती.

अशी गादी मी आयुष्यात परत बघितली नाही. सगळ्या घरांचा कापूस आत गेला होता, वर पाटलीणबाईंची पाटी. वळकटी करून दारात घातली तर अर्धी आत जाऊन फुगली, आणि आता पुढेही जाईना, मागेही येईना. वडील आणि तिघं-चौघं बाहेरून रेटत होते. अम्मा आत होती. घराला दुसरं दार नव्हतं.

"अजी, मेरेकू पैले निकालो!" आतून आवाज आला. "फिर गादी का देखो!"

"दाब, दाब! जरा उजवीकडनं!"

"उजवीकडं भिंत हाय, चाचा!"

पाटील कडेला मिशीवर हात ठेवून उभे होते. आनंद लपवण्याचा प्रयत्न चालला होता. "रेटा, रेटा. देशाची अब्रू हाय."

पाहुणा गाडीतून उतरला. त्यानं मला काही विचारलं नाही. कोट काढून माझ्या हातात दिला, बाह्या सारल्या, वडिलांना खांद्यानं हळूच बाजूला केलं, आणि रेटायच्या ऐवजी गादीचं बाहेरचं टोक कवेत धरून मागे ओढलं. एकदा, दोनदा. तिसऱ्यांदा गादी फटकन बाहेर आली आणि तो तिच्यासकट अंगणात उताणा पडला. त्याच्यामागून अम्मा बाहेर आली, डोक्यावरचा पदर सावरत, आणि समोर परका माणूस जमिनीवर पडलेला. ती म्हणाली, "सलाम, बेटा. लगी तो नहीं?"

सगळं अंगण हसलं. पाहुणाही पडल्या पडल्या हसत होता. अंग झाडायला म्हणून उठला, आणि गादीवर बसला. बसल्यावर जरा उसळला. पुन्हा मुद्दाम उसळला.

हसू ओसरलं तसं पाटील पुढे झाले. "चाचा, गादी तर झाली. नाकबूल करत न्हाई. पर बोली काय हुती? घरात पडली तर."

वडिलांचा चेहरा उतरला. ते दाराकडे बघत राहिले. मला वाटतं, गावातल्या शंभर गाद्यांची मापं त्यांच्या बोटांत होती, पण स्वतःच्या दारातून गादी न्यायची वेळ त्यांच्यावर कधी आलीच नव्हती. दाराचं माप त्यांनी घेणार तरी कशासाठी?

"काय म्हणताहेत?" पाहुण्यानं मला इंग्रजीत विचारलं. मी होतं ते सगळं सांगितलं, माडीसकट, कपबशांसकट. त्यानं पाटलांकडे बघून हात जोडले, आम्ही खोलीत शिकवले होते तसे. मग मला म्हणाला, "त्यांना सांग, यांची माडी मी उद्या बघीन, चहा पण घेईन. पण माझ्यासाठी केलेली गादी इथं आहे. जिथं गादी, तिथं मी. अंगण असलं तरी चालेल."

मी सांगितलं. पाटील म्हातारीकडे वळले. "साक्षीदार काय म्हनतोय?"

म्हातारी म्हणाली, "चाचाचं आंगन चाचाच्या घरात न्हाई तर काय तुमच्या माडीत हाय?"

पाटील मोठ्यानं हसले, आणि मला कबूल केलं पाहिजे, ते मनापासून हसले. "थंडीनं मरंल की त्यो," एवढं म्हणून त्यांनीच गड्याला हाक मारली आणि कडब्याच्या पेंढ्या मागवल्या. लिंबाभोवती पेंढ्या उभ्या करून तीन बाजूंनी आडोसा केला. वर घोंगड्या ताणल्या. पाटलांनी स्वतःच्या अंगावरची शाल काढून गादीवर टाकली. पाहुण्यानं बाजूला सरकून त्यांना बसायची खूण केली. "ती पाव्हन्याची जागा," पाटील म्हणाले, आणि उभेच राहिले.

पहाटे मी गेलो तेव्हा एका बाजूची भिंत नव्हती. पाटलांचा खोंड दावं तोडून आला होता आणि भिंत खाऊन निवांत उभा होता. पाहुणा गादीवर मांडी घालून त्याच्या कपाळावर हात फिरवत होता. पाटील धावत आले, शरमेनं लाल. वडिलांना अशी संधी परत कुठली? "ऱ्हाऊ द्या पाटील. सरकारी भिंत हाय. सरकार बघून घिईल."

किल्ला, लेणी, गाणंबजावणं, यातलं काही आम्ही त्याला दाखवलं नाही. त्यानं बघितलं ते असं. शेतात हुरडा खाल्ला. माडीवर चहा घेतला आणि पलंगावर बसायचं टाळलं. म्हातारीनं त्याला आधीच खुणेनं बजावलं होतं. वडिलांचं पिंजण हातात घेऊन तात वाजवली आणि अर्धी रुई आकाशात उडवली. ती सगळी वडिलांनी नंतर वेचली. पारावर बसला तेव्हा पहिला प्रश्न आला तो यायचाच होता.

"जात कंची?"

मी इंग्रजीत सांगायला लाजलो. पण त्यानंच खोदून विचारलं, म्हणून सांगितलं. तो विचार करून म्हणाला, "आमच्याकडे गाई आहेत. लग्न, मान, भांडण, सगळं गाईंवर."

"म्हंजी गवळी," एकानं निकाल दिला, आणि विषय मिटला. कुणीतरी त्याच्या रंगाबद्दल काही बोललं, तेव्हा दुसऱ्यानं आपला दंड त्याच्या दंडाशेजारी धरला. "बग की. उन्हात आपुनबी काय कमी राबलो न्हाई." मी हे भाषांतर करून सांगितल्यावर पाहुण्यानं त्या माणसाचा हात बराच वेळ सोडला नाही.

एक गंमत सांगायची राहिली. त्याच्या भाषेत गादीला 'गोडोरो' म्हणतात. वडिलांनी ते तीनदा वदवून घेतलं. "आपली गोधडी ती. समुद्रापल्याड कवा गेली?" तो म्हणाला, आमच्या आजोबांच्याही आधी, गलबतांतून. शब्दांचं खरंखोटं मला माहीत नाही. वडिलांना मात्र फार बरं वाटलं. सरकारनं आत्ता सुरू केलेलं काम पूर्वी कुणीतरी गोधडी खांद्यावर टाकून करून आलं होतं.

त्या सगळ्या दिवसांत वडील पाहुण्याला घेऊन पारावर जात, आणि बसत. बोलणं कुणी थांबवत नव्हतं. मी हे पाहत होतो.

जायच्या सकाळी वडिलांनी त्याला माझ्यामार्फत विचारलं, "तिकडं जाऊन आमच्याबद्दल काय सांगशील?"

"सांगेन, तिथं एका घरी घरापेक्षा गादी मोठी होती."

वडील इतके हसले की त्यांना खोकल्याची उबळ आली.

तो गेला आणि वडिलांनी गादी उसवायला घेतली. मी विचारलं, हे काय? म्हणाले, "ज्याची रुई, त्याला परत." म्हातारी ओट्यावरून ओरडली, "आरं येड्या, वळखनार कशी? माजा कापूस कंचा आन् तेलणीचा कंचा?" वडील सुई हातात धरून बसून राहिले. एकदा पिंजून एकत्र केलेली रुई त्यांनाही वेगळी करता येणार नव्हती. त्यांचा कायदा पहिल्यांदाच अडला होता.

पाटलांच्या कानावर गेलं. दुसऱ्या दिवशी ते सुताराला आणि गवंड्याला घेऊन आले. आमची चौकट काढायला लावली, भिंत दोन्ही बाजूंनी फोडायला लावली, आणि नवी रुंद चौकट बसवून घेतली. अम्मा चुलीवर फडकं टाकून धुळीत खोकत होती. वडील म्हणत होते, "पाटील, आवं पाटील, कशापायी?"

"कशापायी म्हंजी? आता सरकारचा कुनी बी येऊ दे, देवी टोचायला येऊ दे, न्हाईतर विलायतेचा येऊ दे, तुज्याकडंच उतरायचा. माडी झाडायचा माजा ताप गेला."

संध्याकाळी गादी त्या दारातून आत गेली, सरळ, कुठंही न घासता. त्या घरात माझा जन्म झाला, पण पाटलांना त्याच्या उंबऱ्याच्या आत मी कधी पाहिलं नव्हतं. वडिलांनी गादी भिंतीशी अंथरली, तिच्यावर दोन्ही तळव्यांनी थापा मारून ती सारखी केली, आणि दाराकडे वळले.

"या पाटील. बसा. आतला पयला पाव्हना तुमीच."

पाटलांनी पायातले जोडे काढले आणि आत आले.